बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या सोप्या वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहिल्यांदा पायी फिरायला निघालेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत आणि अडचणीचे पुढे. एकाच गोष्टीचा खुलासा दोनदा करण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला डोंगर चढायची सवय नाही. पार्कात माझ्यासाठी काही आहे का?

भरपूर आहे. साधारण १०३ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई उपनगर आणि ठाणे जिल्ह्यांत पसरलेलं आहे. सगळ्यात उंच टोक जांबूळमाळ, तेही सुमारे ४६८ मीटर. सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखा छाती भरून आणणारा चढ इथल्या सोप्या वाटांवर नाही. रोज अर्धा-पाऊण तास न थांबता चालत असाल, तर खाली सांगितलेल्या बहुतेक वाटा जमतील. रोजचं चालणंच नसेल तर दुसऱ्या प्रश्नातली पहिली वाट धरा आणि दमलात की परत फिरा.

फक्त एक समजून घ्या. इथे सोपं म्हणजे पायांना सोपं. बिबटे, साप, ओढ्याचं पाणी, परवानगी या गोष्टी सोप्या वाटेवरही तितक्याच खऱ्या असतात.

२. मग नक्की कोणत्या वाटा सोप्या म्हणायच्या?

बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता सगळ्यात सोपा. एका बाजूने साधारण सहा किलोमीटर आहे. बराचसा सपाट, मध्येमध्ये हलका चढ आणि लेण्यांजवळ पोचताना जरा जास्त चढ. चुकायची भीती नाही. डांबरी म्हणून त्याला नाक मुरडू नका. दोन्ही बाजूंना खरं मिश्र पानगळीचं जंगल आहे, आणि सकाळी गर्दी व्हायच्या आत चाललात तर या रस्त्याच्या कडेलाच चितळं, मोर आणि वानरांचे कळप दिसतात.

गांधी टेकडी मुख्य प्रवेशद्वाराच्या जवळच आहे. छोटा चढ, वर गांधीजींचं स्मारक आणि आजूबाजूच्या झाडीचा देखावा. लहान मुलांना घेऊन तासाभरात जाऊन येता येतं.

शिलोंडा ही खरी जंगलातली पायवाट. ओढ्याच्या काठाकाठाने जाते, बरीचशी सावलीतून. चढ नावापुरता, पण पायाखाली दगड, मुळं आणि पाणी. निवांत गेलात तर जाऊन-येऊन तीन-चार तास धरा. फुलपाखरांसाठी ही वाट नावाजलेली आहे. इथे परवानगी लागते (प्रश्न ४).

कान्हेरीच्या लेण्यांमधल्या कोरीव पायऱ्या आणि वरचं पठार हीसुद्धा एक वाटच समजा. तिच्यावर लिहायला खूप आहे, म्हणून वेगळा प्रश्न केला आहे (प्रश्न ९).

ठाण्याच्या बाजूने येऊर आहे. पक्षी बघणाऱ्यांची ही आवडती जागा. भल्या सकाळी पोचायचं, नाक्यावर नोंद करायची आणि हळूहळू चालायचं. वसईच्या खाडीपलीकडे नागला हा उद्यानाचा सुटा तुकडा आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या ससूनवघरकडून तिथे शिरतात. एकीकडे जंगल, दुसरीकडे खाडी आणि खारफुटी अशी ही वाट आहे. गर्दी नको असणाऱ्यांना माझा पहिला सल्ला नागल्याचाच असतो.

जांबूळमाळ, मालाडकडची वाट, गायमुख या सोप्या यादीत येत नाहीत. तिथे चढ आहे, ऊन आहे, अंतर आहे.

३. पहिल्यांदाच येतोय. यातली एकच निवडायची तर?

सकाळी कान्हेरीपर्यंत चालत जा, दोन-तीन तास लेण्यांत घालवा आणि परतताना वाहन मिळालं तर वाहनाने या. बारा किलोमीटरचं जाणं-येणं आणि वर लेण्यांमधला चढउतार एकाच दिवशी केला की पहिल्या खेपेला पाय भरून येतात. मग जंगल लक्षात राहत नाही, पोटऱ्याच लक्षात राहतात. उद्यानात भाड्याने सायकली मिळतात. जाताना चढ, येताना उतार, त्यामुळे सायकलवाले परतीला खूष असतात. वळणांवर मात्र ब्रेकवरचा हात काढू नका.

सोमवारी उद्यान बंद असतं. हे माहीत नसल्यामुळे दाराशी येऊन परत गेलेले लोक मला सतत लिहितात.

४. परवानगी कुठे लागते आणि कुठे नाही?

मुख्य दारावर तिकीट काढलं की डांबरी रस्ता, गांधी टेकडी आणि लेण्यांपर्यंत जाता येतं. लेण्यांचं तिकीट वेगळं, कारण ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहेत. शिलोंडा आणि आतल्या इतर पायवाटांसाठी वन विभागाची परवानगी आणि सोबत माहितगार माणूस हवा. त्याची चौकशी प्रवेशद्वाराजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात करायची, शक्यतो आदल्या दिवशी किंवा त्याआधीच. येऊर आणि नागल्याला तिथल्या चौकीवर.

ही नुसती कागदी औपचारिकता नाही. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय नोंद असली की संध्याकाळी तुम्ही बाहेर आला नाहीत, हे कुणाच्या तरी लक्षात येतं.

५. मोबाईलच्या नकाशावर बोरिवलीहून थेट ठाण्याला किंवा मुलुंडला जाणारी पायवाट दिसते. त्या वाटेने गेलं तर?

जाऊ नका. नकाशावर रेघ दिसते, कारण कुणीतरी कधीतरी फोन खिशात ठेवून तिथून चाललेलं असतं. ती वाट खुली आहे असा त्याचा अर्थ नाही. मधला भाग गाभ्याचं जंगल आहे. तिथे ढोरवाटांचं जाळं आहे, दर पावसाळ्यानंतर गवतात अर्ध्या वाटा बुजतात, आणि फोनची रेंज नेमकी हवी तेव्हा जाते. या डोंगरांत वाट चुकलेल्या लोकांना शोधायला वनरक्षकांना आणि अग्निशमन दलाला रात्री-अपरात्री जावं लागतं. शहर समोर दिसतंय म्हणून सरळ खाली उतरू लागलेला माणूस कड्यावर किंवा धबधब्याच्या माथ्यावर अडकतो. रस्ता चुकलाच तर आलेल्या पावली मागे फिरायचं. खाली दिव्यांच्या दिशेने घुसायचं नाही.

६. पण पाड्यांतले लोक तर रोज त्याच वाटांनी ये-जा करतात. आम्हालाच का अडवता?

उद्यानात वारली, मल्हार कोळी अशा आदिवासी कुटुंबांचे पाडे आहेत. उद्यान जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून ते इथे राहतात. त्यांची वाट म्हणजे शाळेची, दवाखान्याची, पाण्याची वाट. तुम्ही-आम्ही हौसेला आलेलो असतो. पाड्यातून जायची वेळ आली तर आवाज खाली ठेवा, अंगणात न विचारता शिरू नका, आणि विचारल्याशिवाय कुणाच्या घराचे, बायकामुलांचे फोटो काढू नका. भिंतीवरची चित्रं सुंदर आहेत हे खरं, पण भिंत कुणाच्या तरी घराची आहे.

७. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, सकाळी गारवा, स्थलांतर करून आलेले पक्षी हजर आणि वाटा वाळलेल्या. फुलपाखरं बघायची असतील तर पाऊस ओसरल्यावरचे दिवस, म्हणजे सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर. ऑक्टोबरमध्ये अकरानंतर उकाडा सहन होत नाही, तेव्हा लवकर निघून लवकर परता.

फेब्रुवारी-मार्चबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तेव्हाचं जंगल लोक चुकवतात. पानं गळलेली असतात, सगळं रूक्ष दिसतं, आणि त्या रूक्षपणात सावर, पळस, पांगारा फुलतात. एखादी फुललेली सावर गाठून तिच्याखाली अर्धा तास नुसते उभे राहा. मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, पोपट आणि वानरं असे सगळे त्या एकाच झाडावर येऊन जातात. जाडजूड लाल पाकळ्या अधूनमधून धप्पकन खाली पडतात, आणि त्या खायला चितळं येतात. पानं नसल्यामुळे पक्षी दिसायलाही सोपे. दुर्बीण असेल तर चैन, नसली तरी चालेल.

एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत बाहेर पडता आलं तरच या. पावसाळ्याचं पुढच्या प्रश्नात.

८. पावसाळ्यात शिलोंड्याला जाता येतं का? धबधब्यात भिजता येतं का?

पहिल्याचं उत्तर: परवानगी असेल आणि सोबतचा माणूस हो म्हणत असेल तर येतं. जोराच्या पावसात वाट बंद ठेवतात आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याचं उत्तर: नाही. ओढ्यात, धबधब्यात उतरायला बंदी आहे.

बंदीमागचं कारण समजलं की ती जाच वाटत नाही. हे डोंगर उघड्या खडकाचे आहेत. वर तासभर जोराचा पाऊस झाला की पाणी मुरत नाही, सगळं एकदम ओढ्यात येतं. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही येतं. घोट्याएवढा ओढा बघता बघता कमरेला लागतो. ओढ्याजवळ असताना पाणी गढूळ होऊ लागलं, किंवा त्यातून पाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, की समजा वर पाऊस झालाय. लगेच उंच जागी जा. पलीकडच्या काठावर अडकलात तर तिथेच थांबा. पाणी जसं झटकन चढतं तसं पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत उतरतंही. भरल्या ओढ्यात हात धरून साखळी करणं हा सगळ्यात वाईट उपाय. एकाचा पाय सुटला की सगळे ओढले जातात.

शेवाळलेल्या खडकावर भारीतला बूटसुद्धा घसरतो. ओला काळा खडक टाळा, खडबडीत कोरड्या भागावर पाय द्या.

९. कान्हेरीला लेणी बघायला किती वेळ लागतो? सगळी चढून बघावीत का?

शंभराहून अधिक लेणी आहेत. एका दिवसात सगळी बघण्याचा हट्ट करू नका. बौद्ध भिक्षूंनी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास इथे राहायला सुरुवात केली आणि हजारेक वर्षं ही वस्ती चालली. चालणाऱ्याच्या दृष्टीने सोयीचा क्रम सांगतो.

खालीच, तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह, आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळातला शिलालेखही इथे आहे. पुढे अकरावं लेणं, ज्याला दरबार म्हणतात. मध्ये दगडातच कोरलेले दोन लांबलचक बाक आहेत. इथवर फारसा चढ नाही, गुडघे दुखणाऱ्यांनीही बघावं. वर जायची तयारी असेल तर एकेचाळिसाव्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) चुकवू नका. त्याहून वर नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं त्यात कोरून ठेवली आहेत. (तुम्ही ठेवू नका. आज तो गुन्हा आहे.)

आणि पायऱ्या चढताना पायाखाली बघत चला, एवढी एक विनंती. दगडावर जागोजागी बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या दिसतील. छतावरून, कड्यावरून उतरणारं पावसाचं पाणी या पन्हळींतून टाक्यांत आणून सोडलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं आहे. जुलैत एखाद्या ओसरीत बसलात तर पन्हळीतून येणारं पाणी टाक्यात पडताना अजूनही बघता येतं. हे पाणी पिऊ मात्र नका.

महाशिवरात्रीला कान्हेरीला मोठी गर्दी लोटते. शांतपणे चालायला यायचं असेल तर तो दिवस सोडा.

१०. बिबट्या समोर आला तर काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, तेव्हा नीट सांगतो. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अभ्यासात उद्यान आणि लगतचा परिसर मिळून ४७ बिबटे नोंदले गेले. म्हणजे आहेत, आणि चांगल्या संख्येने आहेत. तरीही दिवसाउजेडी चालणाऱ्याला बिबट्या दिसणं फार दुर्मीळ. तो बहुधा रात्री हिंडतो आणि माणसाचा आवाज लागला की आधीच बाजूला होतो.

दिसलाच तर पळू नका. पळणारं प्राण्याला सावज वाटतं. वाकू नका, बसू नका. लहान मूल सोबत असेल तर न वाकता, नजर बिबट्यावरून न हटवता उचलून कडेवर घ्या. उभे राहा, एकमेकांजवळ या, मोठ्या आवाजात बोला आणि हळूहळू मागे सरका. त्याची जायची वाट अडवू नका. फोटोसाठी चार पावलं पुढे टाकण्याचा मोह आवरा. पिल्लं दिसली तर त्यांच्याजवळ अजिबात जायचं नाही, आई जवळच असते.

खरी काळजी पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेला घ्यायची. त्या वेळी झुडपाआड एकट्याने उकिडवं बसणं हे सर्वात धोक्याचं, कारण बसलेला माणूस लांबून लहान प्राण्यासारखा दिसतो. मुलांना गटाच्या मधोमध चालवा, पुढे पळू देऊ नका.

११. आणि साप?

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही प्रमुख विषारी साप या पट्ट्यात आढळतात. पावसाळी झाडोऱ्यात हिरवा चापडाही असतो. तो फांदीवर इतका निपचित पडून असतो की हात लागेपर्यंत कळत नाही. म्हणून आधारासाठी फांदी धरायच्या आधी फांदी बघायची. पाय टाकायच्या आधी जमीन बघायची. पाचोळ्यात हात घालायचा नाही.

दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. माणसाला शांत बसवा, अंगठी, घड्याळ, बूट काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा आणि उचलून रस्त्यापर्यंत आणा. साप मारून किंवा पकडून दाखवायला न्यायची काही गरज नाही. चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं.

१२. मधमाश्या उठल्या तर? बिबट्यासारखंच उभं राहायचं का?

नाही, इथे उलटं आहे. आग्या मोहोळ उठलं तर तोंड-डोकं कपड्याने झाका आणि पळा. हातवारे करू नका, जागेवर झोपू नका. बंद गाडी किंवा बंद खोली गाठा. पाण्यात उडी मारून उपयोग होत नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. उंच कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर ही मोहोळं असतात. ती उठवतो तो धूर, उग्र अत्तर किंवा कुणी मारलेला दगड. चालायला येताना अंगाला सुगंधी फवारे मारू नका.

१३. वाटेत अंगाला भयंकर खाज सुटली, पुरळ आलं. कशामुळे?

हिवाळ्यात असेल तर बहुतेक खाजकुयली. वेलीवर सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा लटकतात आणि त्यांची कुसं वाऱ्यानेही उडतात. चोळू नका, खाजवू नका. चोळल्याने कुसं आणखी आत जातात आणि पसरतात. चिकटपट्टी त्वचेवर दाबून ओढून काढा, तीन-चारदा करा, मग पाण्याने धुवा. कपडे घरी गेल्यावर वेगळे भिजवा.

वाळल्या गवतातून गेला असाल तर गोचीडही असू शकते. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची.

१४. काय घालायचं, काय सोबत घ्यायचं?

पूर्ण बाह्यांचा सुती, मातकट रंगाचा शर्ट, लांब पँट, पकड असलेले बूट. माणशी दीड-दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात जास्त. टोपी, शिट्टी, छोटी बॅटरी, पट्ट्या, रोजची औषधं. खायचं पिशवीत आत, बाहेरून दिसणार नाही असं (प्रश्न १६). ओढ्याचं पाणी पिऊ नये.

१५. लहान मुलं, वयस्कर आई-वडील, चाकाची खुर्ची: कुठवर जमेल?

चार-पाच वर्षांचं मूल डांबरी रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर आनंदाने चालतं, जर तुम्ही त्याला थांबून बघू दिलं तर. शिलोंड्यासाठी आठ-नऊ वर्षांचं बरं. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची प्रवेशद्वारापासूनच्या सपाट भागात चालते, पायवाटांवर अजिबात नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांनी चढापेक्षा उताराचा विचार करावा. कान्हेरीच्या कोरीव पायऱ्या उंच-सखल आहेत आणि कठडा सगळीकडे नाही. काठी आणा.

१६. माकडांनी पिशवी हिसकावली. असं का वागतात ती?

कारण आपण शिकवलंय. एकदा खायला मिळालं की माणसाच्या हातातली पिशवी म्हणजे खाणं, हे ती कायमचं शिकतात आणि पिलांनाही शिकवतात. लेण्यांजवळ हा त्रास जास्त. खाणं बाहेर काढू नका. हिसकावलंच तर खेचाखेची न करता सोडून द्या. चावा खूप महागात पडतो, रेबीजची लस घ्यावीच लागते. चावलं किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१७. केळीची सालं, मक्याची कणसं तर कुजतात. ती टाकली तर काय बिघडतं?

कुजायच्या आधी ती कुणीतरी खातं. उष्टं-खरकटं पडलं की भटकी कुत्री येतात, आणि कुत्री आली की त्यांच्यामागे बिबट्या येतो. माणसांच्या वाटेवर बिबट्याला आणायचा हा सर्वात सोपा मार्ग आहे. नेलेलं सगळं परत आणा, सालींसकट.

१८. वाटेवरची करवंदं, जांभळं तोडून खाल्ली तर?

लहानपणी सगळ्यांनी खाल्लेली असतात, त्यामुळे यावर लोक रागावतात. पण राष्ट्रीय उद्यानातून काहीही तोडायला, उचलून न्यायला मनाई आहे: फळं, फुलं, रोपं, मोराची पिसं, चितळाचं गळून पडलेलं शिंगसुद्धा. ही फळं उदमांजरं, वानरं आणि पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर रुजतात. सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं आत येतात. प्रत्येकाने मूठभर म्हटलं तरी झुडूप रिकामं होतं.

१९. तासभर चाललो, एकही प्राणी दिसला नाही. काय चुकतंय?

वेग. सोप्या वाटेवर पाय आपोआप भरभर पडतात. निम्म्या वेगाने चाला, दर दहा मिनिटांनी थांबा, गप्प राहा. आणि मोठं काही दिसावं ही अपेक्षा बाजूला ठेवा.

पावसाळ्यानंतर वाटेवर आडवं, डोक्याच्या उंचीवर एखादं भलंमोठं जाळं दिसेल. उन्हाच्या तिरिपेत त्याचे धागे पिवळसर सोनेरी चमकतात. मधोमध बसलेली वनकोळ्याची मादी, पाय धरून तळहाताएवढी. आता जवळ जाऊन जाळ्याच्या वरच्या भागात बघा. काही मिलिमीटरचे तांबूस ठिपके दिसतील. ते नर. मादीच्या नजरेत न येता तिच्याजवळ सरकायची संधी शोधत ते दिवसेंदिवस तिथेच असतात. जाळं न तोडता वाकून खालून जा.

किंवा ऐन या झाडाची खोडं बघा. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. उन्हाळ्यासाठी काही ऐन खोडात पाणी साठवून ठेवतात. झाडांच्या फांद्यांवर फुटबॉलएवढे तपकिरी गोळे दिसतील, ती मुंग्यांची घरटी. त्यात कधीकधी व्यवस्थित गोल भोक असतं. तांबूस सुतार पक्षी जिवंत मुंग्यांच्या घरट्यातच आपलं घर कोरतो आणि त्याच मुंग्या खातोही.

२०. कारवी कधी फुलणार?

इथल्या कारवीचा मोठा बहर दर आठ वर्षांनी येतो: २००८, २०१६, २०२४. म्हणजे आता २०३२. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतार जांभळे होतात, बहरानंतर झुडपं वाळून मरतात आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की वाळक्या बोंडांतून बिया तडतड फुटून उडतात. मधल्या वर्षांत चुकार एखादं झुडूप फुललेलं दिसतं.

२१. तुळशी आणि विहार तलावांपर्यंत चालत जाता येतं का?

नाही. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्हींचं पाणी आजही मुंबई पिते, त्यामुळे काठावर मुक्त प्रवेश नाही. दोन्हीत मगरीही आहेत. कान्हेरीच्या वरच्या पठारावरून झाडीचा जो अखंड पट्टा दिसतो, तो राखला गेला त्यात या तलावांचा मोठा वाटा आहे. पाणलोट शुद्ध राहावा म्हणून ते डोंगर मोकळे ठेवावे लागले.

२२. कुत्रा आणता येईल का? ड्रोन? कानात गाणी लावून धावलं तर?

कुत्रा नाही: त्याचे आजार वन्यप्राण्यांना लागतात आणि तो बिबट्याचं भक्ष्य आहे. ड्रोन परवानगीशिवाय नाही. सिगारेट, चूल, शेकोटी कुठेही नाही, मार्चनंतर एका थोटकाने डोंगर पेटतो. धावायला डांबरी रस्ता आहे, पण दोन्ही कान बंद करून नको, माकडांच्या धोक्याच्या हाका ऐकू यायला हव्यात. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाईलवर त्यांचे आवाजही वाजवू नका. विणीच्या दिवसांत ते घरटं सोडून भांडायला येतात.

२३. मी एकटीच येणार आहे. सुरक्षित आहे का?

सकाळी कान्हेरीच्या रस्त्यावर फिरायला येणाऱ्या बायका-पुरुषांची वर्दळ असते, तिथे एकटीने चालायला हरकत नाही. रस्ता सोडून आतल्या निर्जन फाट्यांना वळू नका, आणि हे पुरुषांनाही लागू आहे. पायवाटेसाठी माहिती केंद्राच्या गटात नाव द्या, गटात अनोळखी लोकही चटकन ओळखीचे होतात. घरी कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा.

२४. वाटेत जखमी प्राणी किंवा पिल्लू सापडलं तर उचलून आणायचं का?

नाही. हरणाचं पाडस गवतात एकटं, निश्चल बसलेलं असतं तेव्हा ते टाकून दिलेलं नसतं. आई चरायला गेलेली असते आणि तुम्ही तिथे उभे असेपर्यंत ती परतणार नाही. लांब व्हा. प्राणी खरोखरच जखमी असेल तर जागेची खूण लक्षात ठेवा, दुरूनच एक फोटो काढा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. रेंज नसेल तर जवळच्या चौकीवर जाऊन सांगा. त्याला पाणी पाजू नका, अंगावर कापड टाकू नका, भोवती गर्दी जमू देऊ नका.